जीपचे टायर कां झिजतात ?

कोंकणांतील चिखलवाट संपली, डांबरी रस्ता लागला, तरी चारहि चाकांना जोर पोंचविणारा दांडा मागें घेण्यास आमचे चिरंजीव विसरले. पुढें तसेच दोन महिने गेले. वळतांना गाडी अडखळते अशी घरांत तक्रार होती. आम्हीं ती गाडीच्या वयावर ढकलली. दिवाळींत पाहतों तों पुढील टायरांच्या कडा गुळगुळीत !

वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात. चिखलांत तीं किंचित् घसरून हा फरक भागवितात. कोरड्या डांबरावर तसा वाव नसतो, म्हणून टायरच घासून निघतो. अशा दांड्याच्या गाडींत चार चाकांचा जोर निसरड्या वाटेपुरताच घ्यावा.

सुमारें 8,000 ते 10,000 किलोमीटरांनीं मागचे टायर त्याच बाजूस पुढें आणावे, पुढचे मात्र बाजू बदलून मागें न्यावे. एकाच दिशेनें फिरणाऱ्या नक्षीचे असल्यास बाजू बदलूं नये. हवा सकाळीं, टायर थंड असतांना मोजावी. एकच नवा टायर बसविण्याची काटकसर तर नकोच. त्याचा घेर झिजलेल्या सोबत्यांहून मोठा असतो, आणि तो ताण आंतील दंतचक्रांना सोसावा लागतो. आम्हीं चारहि घेतले. दांड्याशेजारीं सूनबाईंनीं आतां चिठ्ठी डकविली आहे.