पहिल्या शब्दापूर्वी

मूल पहिला शब्द उच्चारते तो दिवस घरातील मंडळींच्या दीर्घकाळ स्मरणात राहतो. वास्तविक भाषेचे बरेचसे शिक्षण त्यापूर्वीच झालेले असते. ते कानांच्या द्वारे होत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही इतकेच.

मराठी वाचकाला ‘ता’ आणि ‘टा’ यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी भाषकाच्या कानाला मात्र हे दोन्ही ध्वनी जवळजवळ एकच वाटतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी हिंदीतील हेच ध्वनी इंग्रजी भाषक घरांतील अर्भकांना ऐकविले. ध्वनी बदलला की शेजारचे एक खेळणे उजळून हलू लागे. त्यामुळे ज्याला बदल कळला ते मूल आपण होऊन तिकडे मान वळवी. १९८४ साली या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा भेद ओळखता आला होता; १० ते १२ महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. त्याच सुमाराच्या वयाची हिंदी भाषक घरांतील मुले मात्र तो सहज ओळखीत होती. म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आतच कान घरच्या भाषेला बांधला जातो. यास ऱ्हास म्हणणे आम्हांस युक्त वाटत नाही; नको ते ध्वनिभेद बाजूस सारल्यावाचून हवे ते पक्के होत नसावेत.

ज्या अर्भकास ऐकूच येत नाही, त्याचे काय होते? दोन-तीन महिन्यांचे असता तेही हुंकार देते, खिदळते आणि पालक निश्चिंत राहतात. फरक पुढे दिसू लागतो. ऐकू येणारी मुले साधारणतः ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट अक्षरांची माळ ओवू लागतात. बधिर मुलांत ही अवस्था बरीच लांबते. (आईवडील हातांच्या खुणांची भाषा वापरीत असतील, तर अशी मुले हातांनीच बडबड करतात, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले आहे.)

केवळ हुंकारांवर विसंबून राहिल्यास हे मोलाचे महिने वाया जातात. आता अर्भक झोपेत असतानाही काही मिनिटांत त्याच्या श्रवणाची प्राथमिक चाचणी घेता येते. ती पहिल्या महिन्यात व्हावी, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना सुरू व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात.