खिशाचे कापड कोठले?

पॅन्ट शिवायला काय काय लागते? कापड लागते. दोरा लागतो. बटणे लागतात, चेन लागते. कमरेला कधी इलॅस्टिक लागते. आणि खिसे लागतात. खिसा आतल्या बाजूला असतो, तो कोणाला दिसत नाही. म्हणून त्याला साधे, पातळ कापड लावतात. ते कापड कोठून आणले, असे शिंप्याला कोणी विचारत नाही.

पण याच खिशाच्या कापडावर तीन देशांनी एकत्र बसून नियम लिहिला आहे. ते देश म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको. खिशाचे कापड बाहेरच्या देशाचे निघाले, तर सबंध पॅन्टवर जकात बसते. असे का, ते आज समजून घेऊ.

आधी जकात म्हणजे काय ते बघा. पूर्वी आपल्याकडे शहराच्या तोंडाशी जकात नाका असे. माल आत न्यायचा तर पैसे भरा आणि पुढे चला. देशाच्या सीमेवर आणि बंदरातही असाच नाका असतो. परदेशाचा माल आला की सरकार त्यावर कर घेते. अमेरिकेत पुरुषांच्या सुती पॅन्टवर नेहमीची जकात १६.६ टक्के आहे. म्हणजे १०० रुपयांच्या पॅन्टवर १६ रुपये ६० पैसे. ही जकात माल मागवणारा अमेरिकेतला व्यापारी भरतो. पण तो ती स्वतः सोसत बसत नाही. तो शिवणाऱ्याचा भाव पाडतो, नाहीतर दुसरा देश धुंडाळतो. तेव्हा जकात लागली की शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईच्या रोजावर टाच येते. ती बाई कायदा वाचत नाही, पण कायदा तिच्यापर्यंत पोचतोच.

आता हे तीन देश. अमेरिकेच्या उत्तरेला कॅनडा आहे आणि दक्षिणेला मेक्सिको. बांधाला बांध लागलेले शेजारी म्हणा ना. त्यांनी ठरवले, की एकमेकांच्या मालावरची जकात काढून टाकू. याला खुल्या व्यापाराचा करार म्हणतात. हा करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. त्याचे नाव नाफ्टा.

करार झाला, पण एक मोठा प्रश्न उभा राहिला. मेक्सिकोचा माल म्हणजे नेमका कोणता? समजा, एकाने चीनमधून तयार पॅन्ट आणली. मेक्सिकोत तिला एक बटण लावले आणि म्हणाला, "ही मेक्सिकोची पॅन्ट, जकात माफ करा." हे कसे चालेल? म्हणून माल कोठला समजायचा याचे नियम करावे लागतात. त्यांना उगमाचे नियम म्हणतात.

ज्वारीचे सोपे असते. ज्या शेतात पिकली तेथली ती. कापडाचे तसे नाही. मी शाळेत मुलांना विचारत असे, "तुझा सदरा कोठला रे?" मुले शिंप्याचे नाव सांगत. एखादा हुशार मुलगा दुकानाचे नाव सांगे. पण कापूस कोणाच्या रानातला, सूत कोणत्या गिरणीतले, माग कोठला, हे कोण सांगणार? सदरा अंगात येईपर्यंत चार हातांतून जातो. कापूस पिकतो, सूत निघते, कापड विणले जाते, मग शिवण होते. ही चार कामे चार देशांत होऊ शकतात. मग सदरा कोणाचा?

नाफ्टाने पॅन्टसाठी याचे उत्तर दिले: "सुतापासून पुढे." कापूस कोणत्याही देशाचा चालेल. पण सूत कातणे, कापड विणणे आणि शिवणे ही कामे या तीन देशांतच झाली पाहिजेत. असा नियम का? कारण अमेरिकेच्या दक्षिण भागात, नॉर्थ कॅरोलिना आणि साउथ कॅरोलिना राज्यांत, सूतगिरण्या होत्या. त्यांचे म्हणणे असे, की शिवणकाम मेक्सिकोत स्वस्त होते तर होऊ द्या, पण सूत आमच्याकडचे खपले पाहिजे.

या नियमाने मेक्सिकोत काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. तेथे तोरेओन नावाचे शहर आहे. भोवतालचा मुलूख जुना कापसाचा. करारापूर्वी अमेरिकेतून बेतलेले कापड यायचे, येथे नुसते शिवून परत जायचे. जकात फक्त शिवणकामापुरती लागे. मेक्सिकोचे कापड वापरले तर सवलत मिळत नसे. नाफ्टाने ती अडचण काढली. मग विणणे, बेतणे, शिवणे, धुणे सगळे तेथेच होऊ लागले. १९९३ साली तोरेओनच्या कारखान्यांतून आठवड्याला सुमारे ५ लाख पॅन्ट निघत. २००० सालाच्या सुमारास हा आकडा ४० लाखांच्या वर गेला. त्यातल्या बहुतेक निळ्या जीनच्या पॅन्ट होत्या. दुसरीकडे तेवाकान नावाच्या गावीही जीनचे मोठे काम चाले. जीन मऊ करायला ती धुवावी लागते. धुलाई कारखान्यांचे निळे पाणी ओढ्यांत आणि पाटांत उतरले, आणि त्यावर मक्याची शेते भिजली. कामही आले आणि घाणही आली.

पुढे २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. १ जानेवारी २००५ रोजी कपड्यांच्या आयातीवरची जुनी कोटापद्धत उठली. स्वस्त माल लोटला. मेक्सिकोतले कितीतरी कारखाने बंद पडले. अमेरिकेतल्या गिरण्याही सुटल्या नाहीत. ग्रीन्सबोरो शहरात व्हाइट ओक नावाची जीनच्या कापडाची नामांकित गिरणी होती. ती १९०५ साली सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१७ रोजी बंद झाली. सुतापासून पुढेचा नियम तेव्हा होताच की!

त्यानंतर तिन्ही देशांनी जुना करार मोडून नवा केला. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी सह्या झाल्या आणि १ जुलै २०२० पासून तो लागू झाला. येथे आपला खिसा आला. जुन्या करारात पॅन्टचे मुख्य कापड तेवढे तपासत. दोरा, इलॅस्टिक, खिसा कोठलाही चाले. नव्या कराराने यांचीही जात विचारली. शिवणाचा दोरा १ जुलै २०२१ पासून तीन देशांतलाच हवा. इलॅस्टिकची पट्टी आणि खिशाचे कापड १ जानेवारी २०२२ पासून. निळ्या जीनच्या खिशाला एक वर्षाची जास्त मुदत दिली, म्हणजे १ जानेवारी २०२३. खिशाचे नुसते कापड तेथले असून भागत नाही. त्याचे सूतही तेथलेच लागते.

काही नियम सैलही झाले. कोटाच्या दर्शनी अस्तराची जुनी अट काढून टाकली. मुख्य कापडात वजनाने शंभरात सात भाग बाहेरचे सूत चालत असे, ते आता दहा भाग चालते. हातमागावर विणलेल्या आणि आदिवासींनी हाताने केलेल्या पारंपरिक वस्तूंना वेगळी सवलत आहे, हे मला फार आवडले.

खिशाची अट कोणाच्या फायद्याची? दोरा आणि अस्तर करणाऱ्या गिरण्यांच्या. त्यांना गिऱ्हाईक बांधून मिळाले. पण शिवणाऱ्याची कटकट वाढली. अट अशीच वाढत गेली, तर एखादा व्यापारी म्हणेल, "नको ती सवलत. जकात भरतो आणि दुसऱ्या देशातून स्वस्त माल आणतो." मग खिसाही गेला आणि पॅन्टही गेली. माझ्या मते नियम करणाऱ्यांनी दोरी ताणताना याचा विचार ठेवावा. पण उलटही घडते. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के जादा जकात बसवली, आणि जो माल कराराच्या नियमात बसत होता त्याला ती माफ केली. त्या वेळी ज्याने खिसा नियमाप्रमाणे लावला होता, तो वाचला.

सगळीकडे असा कडक नियम नाही. आपल्या शेजारचा बांगलादेश घ्या. त्याच्याशी युरोपचा करार नव्हता, पण गरीब देश म्हणून युरोपने त्याला एकतर्फी सवलत दिली. तेथे मागावरच्या कापडाचा सदरा असेल, तर तो विणणे आणि शिवणे ही दोन्ही कामे बांगलादेशात व्हावी लागत. १ जानेवारी २०११ पासून युरोपने नियम सैल केला. नुसते शिवले तरी पुरे. मग बाहेरून आणलेल्या कापडाचे सदरेही जकातीवाचून युरोपला जाऊ लागले. शिवणाऱ्या बायांचे काम वाढले, पण तेथल्या मागवाल्यांचे संरक्षण कमी झाले. एकाच नियमाची ही दोन टोके.

यात आपलाही धागा आहे. भारतातली रुई आणि सूत मोठ्या प्रमाणावर बांगलादेशात जाते. तो सदरा लंडनच्या दुकानात लटकतो तेव्हा त्यावर बांगलादेशाचे नाव असते. कापूस यवतमाळचा असो की जळगावचा, त्याची कोठे नोंद नसते. आपण मेक्सिकोचा नियम पाहिला, त्यातही मोजणी सुतापासूनच सुरू होते. ज्याने उन्हात कापूस वेचला, तो मोजणीच्या आधीच संपला! आता २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांनीही खुल्या व्यापाराच्या करारावर सह्या केल्या. त्यातही उगमाचे नियम आहेत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागवाल्यांनी ते कोणाकडून तरी वाचून घ्यावेत.

शेवटी, हे सगळे सिद्ध कसे करायचे? कागदाने. मेक्सिकोच्या पॅन्टबरोबर उगमाचा दाखला लागतो. त्यात नऊ बाबी लिहाव्या लागतात: माल कोणी केला, कोणी पाठवला, कोण घेणार, कोणत्या नियमाने तो आपला ठरतो, वगैरे. सवलत घेणाऱ्याला कागदपत्रे निदान पाच वर्षे जपावी लागतात. त्यात सुताची पावती येते, दोऱ्याच्या रिळांची येते, आणि खिशाच्या कापडाचीही येते. पॅन्ट विकली जाऊन, वापरून फाटलेली असते, तरी जकातीचा अधिकारी ती पावती मागू शकतो.