पाठ वेगळी, गोत एकच

कासव म्हटले की कठीण पाठ, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. देवळातल्या दगडी कासवाने ते अधिकच पक्के केले आहे. परंतु समुद्रात एक कासव असे आहे, की ज्याच्या पाठीवर खवले नाहीत. आहे ते काळे, चामड्यासारखे कातडे. इंग्रजीत त्याला लेदरबॅक म्हणतात. शास्त्रीय नाव डर्मोकेलिस कोरिएशिया. कासवांत हे सर्वांत मोठे. १९८८ साली वेल्सच्या किनाऱ्यावर आलेल्या एका नराचे वजन ९१६ किलो भरले होते!

इतर बहुतेक कासवांत बरगड्या रुंद होऊन त्यांचीच ढाल बनते. येथे मात्र बरगड्या सुट्याच राहतात. त्यांच्यावर चरबीचा थर, आणि वर कातडीत हजारो लहान हाडांची जणू फरसबंदी. तीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या सात कडा असतात.

आता या प्राण्याला बसवायचे कोणत्या पंगतीत? सुट्या बरगड्या पाहून १८७१ साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ कोप यांनी त्याचा इतर सर्व कासवांहून निराळा गट केला. ढाल तयार होण्यापूर्वीच याचे पूर्वज वेगळे निघाले, असे काहींना वाटले. परंतु कवटी, वल्ह्यांसारखे पाय आणि पुढे आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा ते समुद्रकासवांचेच भाऊबंद ठरले. म्हणजे पूर्वजांची ढाल याने पुढे टाकून दिली. आज समुद्रकासवांच्या सात जाती मानतात. कोकणात वेळासला अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडलेसह सहा जाती एका कुळात. सातवे हे, आपल्या कुळात एकटेच.

आतली रचनाही पाहण्यासारखी आहे. वल्ह्यांच्या मुळाशी रोहिण्या व नीला एकमेकींना खेटून असतात. बाहेर जाणारे ऊन रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला ऊब देते. त्यामुळे साडेसात अंशांच्या पाण्यातही शरीर पंचवीस अंशांच्या आसपास राहू शकते. अन्ननलिकेत पोटाकडे वळलेले काटे असतात. गिळलेले पाणी बाहेर पडते. निसरडा जेलीफिश मात्र अडकून राहतो. पण तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवीही याला जेलीफिशच वाटते, आणि एकदा गिळलेली पिशवी त्या काट्यांतून माघारी येणे कठीण!

भारतात हे कासव अंदमान-निकोबारच्या वाळूत अंडी घालते. त्यांतील एक मुख्य जागा ग्रेट निकोबारचा गॅलाथिया उपसागर. तेथेच मोठे बंदर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरण मंजुरी मिळाली. वर्गीकरण म्हणजे नुसती नावांची यादी, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे: इतर कोणतेही समुद्रकासव नाहीसे झाले तर एक जात जाईल, हे गेले तर कोट्यवधी वर्षांचे एक अख्खे कुळ निर्वंश होईल.