ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व!

इसवी सन मोजायचा येशूच्या जन्मापासून, आणि येशू जन्मला इसवी सनाच्या चार ते सहा वर्षं आधी. हा विनोद नाही, बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. घोळ घातला तो डायोनिसियस एक्झिगुअस या विद्वान साधूने. इ.स. ५२५ च्या सुमारास तो रोममध्ये ईस्टरच्या तारखांची कोष्टकं बनवत होता. तोवर या कोष्टकांत वर्षं मोजली जात डायोक्लेशियन या सम्राटाच्या राज्यारोहणापासून. या सम्राटाने तर ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केलेला. त्याचं नाव आपण कशाला जपायचं, म्हणून साधूबुवांनी येशूच्या जन्मापासून नवी मोजणी सुरू केली. हेतू उत्तम, गणित कच्चं! बायबलमधला मत्तय सांगतो की येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा गादीवर होता, आणि हा हेरोद बहुधा इ.स.पू. ४ मध्येच वारला. म्हणजे २००० साली जगाने जी आतषबाजी केली, तिचा मुहूर्त केव्हाच टळून गेला होता.

इथिओपियाची तर तऱ्हाच वेगळी. त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. तिथे नव्या सहस्रकाचा जल्लोष झाला तो सप्टेंबर २००७ मध्ये.

मग बायबल काय म्हणतं? मत्तय हेरोदाचं नाव घेतो, तर लूक म्हणतो की सीरियात क्विरीनिय राज्यपाल असताना शिरगणती झाली, तेव्हाची ही गोष्ट. इतिहासाला ठाऊक असलेली क्विरीनियाची शिरगणती आहे इ.स. ६ मधली. हेरोद मेला त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती! हा सांधा जुळवताना पंडितांच्या पिढ्या खपल्या. खगोलशास्त्रज्ञ केप्लरही त्यातलाच, येशूच्या जन्मकाळी दिसला म्हणतात त्या ताऱ्याचा माग काढणारा. १६०३ मध्ये गुरू-शनीची युती पाहिल्यावर त्याने गणित उलटं मांडत नेलं आणि इ.स.पू. ७ मधली तशीच युती शोधून काढली.

जयंती नको, पुण्यतिथी चालेल

वर्षाचं हे असं, तर दिवसाचं विचारूच नका. बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, येशूच्या जन्माची तारीख नाही, महिनाही नाही. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते एवढंच लूक सांगतो. त्यावरून ‘मग हिवाळा कसा असेल?’ हा वाद अजून रंगतो.

खरी गंमत म्हणजे सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना या तारखेचं फारसं पडलेलंच नव्हतं. इ.स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लिहितो की काही चिकित्सक मंडळी वर्षावर न थांबता दिवसही सांगतात. कुणी आपल्या हिशेबाने २० मे म्हणतं, कुणी एप्रिल. २५ डिसेंबरचं नाव नाही. पुढे ओरिजेन या थोर पंडिताने तर वाढदिवसालाच नाक मुरडलं. धर्मग्रंथात वाढदिवस साजरे करतात ते पापी लोक, असं त्याचं म्हणणं. पुरावा पक्का होता. इजिप्तच्या राजाच्या, म्हणजे फारोच्या, वाढदिवशी त्याच्या आचाऱ्याला फासावर लटकवलं गेलं आणि हेरोद राजाचा मुलगा हेरोद अंतिपा याच्या वाढदिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं तबकातून आलं. अशा मेजवान्यांनंतर केक कुणाच्या घशाखाली उतरणार? हुतात्म्यांचे सण पाळले जात ते त्यांच्या मृत्यूच्या दिवशी. त्या दिवशी ते स्वर्गात जन्मले, अशी भावना.

एकाच वहीत दोन वाढदिवस

२५ डिसेंबरचा पहिला पक्का पुरावा सापडतो रोममधल्या इ.स. ३५४ च्या एका पंचांगवजा ग्रंथात. त्यातली संबंधित यादी ३३६ सालची असावी. त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या यादीत २५ डिसेंबरलाच ‘अजिंक्य’ सूर्यदेवाचा जन्मदिवस आहे, आणि त्यानिमित्त रथांच्या ३० शर्यती! ऑरेलियन सम्राटाने २७४ मध्ये या सूर्यदेवाचं मंदिर उभारलं होतं. त्यामुळे चर्चने सूर्याचा सण ढापला, हे विधान दर डिसेंबरात कुणी ना कुणी ठणकावून करतंच.

मला ते इतकं सरळ वाटत नाही. ढापाढापीचा हा दावा थेट शब्दांत भेटतो तो बाराव्या शतकातल्या एका सीरियन लेखकाच्या हस्तलिखिताच्या समासात, म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी. दुसरा तर्क मला जास्त पटतो. येशूला क्रुसावर दिलं तो दिवस २५ मार्च, असं पश्चिमेकडे मानत. थोर माणूस ज्या तारखेला जातो त्याच तारखेला आईच्या पोटी येतो, अशीही समजूत होती. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा. पूर्वेकडचे ६ एप्रिल धरत, म्हणून त्यांना उत्तर आलं ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही येशूजन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. शिवजयंती तारखेने की तिथीने, यावर घसा कोरडा केलेल्या आपल्या मंडळींना हे समजायला जड जाऊ नये.

जाता जाता : गव्हाणीशेजारचे बैल आणि गाढव शुभवर्तमानांत नाहीत. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ च्या पुस्तकात हे लिहिलं तेव्हा बातम्या झाल्या. बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक (परंपरेतले ‘राजे’) तीन होते, हेही मत्तय म्हणत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन! गोव्यात कासावली, आरोशी आणि कुएली या गावांतली तीन मुलं ६ जानेवारीला राजे बनून घोड्यावरून टेकडीवरच्या कपेलाकडे निघतात, तेव्हा हा आकडा खोडायची कुणाची छाती आहे?

नाताळ साजरा केलात? पाच शिलिंग काढा!

नाताळवर सर्वांत जालीम हल्ला चढवला तो कट्टर ख्रिस्ती लोकांनीच. इंग्लंडमधल्या प्युरिटन मंडळींचं म्हणणं सरळ होतं : बायबलात तारीख नाही, सण पाळा असा आदेश नाही, मग हे दारू पिऊन नाचणं कुठून आलं? १६४४ साली २५ डिसेंबर नेमका मासिक उपवासाच्या बुधवारी आला. संसदेने हुकूम सोडला की उपवासच पाळायचा. जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर सगळंच रद्द झालं. त्या डिसेंबरात कँटरबरीच्या महापौराने दुकानं उघडी ठेवायला लावली, तर लोकांनी दुकानांची नासधूस केली, भर रस्त्यात फुटबॉल खेळले आणि शहर ताब्यात घेतलं. राजेशाही परतली १६६० मध्ये, तेव्हा कुठे नाताळ परतला.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. त्यांनी गोव्यात राहून मराठी ओव्यांत येशूची कथा रचली आणि ‘क्रिस्तपुराण’ छापलं ते १६१६ साली. अवघ्या एकतीस वर्षांनी त्यांच्या मायदेशाने तोच जन्मोत्सव बेकायदा ठरवावा, याला काय म्हणावं!

अटलांटिकपलीकडे मॅसेच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो उठला १६८१ मध्ये. स्कॉटलंडने तर कमालच केली. तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळाली १९५८ साली.

आजही ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक नाताळ पाळत नाहीत, स्वतःचे वाढदिवसही नाहीत. फारो आणि हेरोद त्यांच्याही युक्तिवादात हजर असतात. मग ख्रिस्ती माणसाने नाताळ साजरा करावा का? दोन्ही बाजू साक्षीला बोलावतात एकाच प्रेषित पौलाला. गलतीकरांच्या पत्रात तो दिवस-महिने पाळणाऱ्यांवर वैतागतो. रोमकरांच्या पत्रात म्हणतो की कुणी एखादा दिवस विशेष मानतो, कुणाला सगळे सारखेच. ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. शिवाय योहानाच्या शुभवर्तमानात येशू हिवाळ्यातल्या मंदिर-समर्पणाच्या सणाला यरुशलेमेत दिसतो. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही, नंतरचा आहे. त्यामुळे ‘आदेश नाही म्हणून सण नको’ हा मुद्दा मला तरी लंगडा वाटतो.

बेथलेहेमला तीन नाताळ

जिथे जन्म झाला असं मानतात त्या चर्चमध्ये नाताळ तीनदा येतो : कॅथलिकांचा २५ डिसेंबरला, ग्रीक ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला आणि आर्मेनियनांचा १९ जानेवारीला. कोपरान् कोपरा पंथांत वाटलेला. डिसेंबर २०११ मध्ये साफसफाई करताना कुणी कुणाच्या हद्दीत झाडू घातला यावरून ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू झाडू घेऊनच एकमेकांवर धावले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. याच चर्चच्या गुहेतली चांदीची चांदणी १८४७ मध्ये चोरीला गेली होती. त्यावरून पेटलेलं भांडण क्रिमियन युद्धाच्या कारणांपैकी एक ठरलं.

७ जानेवारी, आणि आर्मेनियनांची ६ ऐवजी १९ जानेवारी, येते ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरमुळे. ते आज १३ दिवस मागे आहे. न्यूटनही त्याच कॅलेंडरने २५ डिसेंबर १६४२ ला जन्मला, नव्या मोजणीने ४ जानेवारी १६४३ ला (तेव्हा अंतर कमी होतं). युक्रेनने २०२३ मध्ये रशियाशी काडीमोड घेत नाताळची अधिकृत सुट्टी २५ डिसेंबरला आणली. रशिया जुन्यावरच ठाम आहे. मात्र २१०० साली दोन कॅलेंडरांतलं अंतर १४ दिवसांचं होणार. तोवर कुणी काही बदललं नाही, तर २१०१ मध्ये मॉस्कोचा नाताळ येईल ८ जानेवारीला.