निवडणुकीचे शिल्पकार : लेखांक सहावा – प्रशांत किशोर

गेल्या आठवड्यात आपण बूथप्रमुखाचं काम पाहिलं. प्रशांत किशोर त्या वाटेने राजकारणात आले नाहीत. बिहारमधल्या रोहतास जिल्ह्यातलं कोनार हे त्यांचं गाव. वडील डॉक्टर, ते स्वतःही सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातले, संयुक्त राष्ट्रांच्या कामावर आफ्रिकेत होते. २०११ मध्ये ते नरेंद्र मोदींसोबत गुजरातेत काम करू लागले. पुढे २०१४ मध्ये ‘चाय पे चर्चा’ आणि थ्रीडी सभा देशाने पाहिल्या, भाजपला २८२ जागा मिळाल्या आणि पडद्यामागच्या या माणसाचं नाव सगळ्या पक्षांच्या तोंडी झालं.

त्यांचं कसब बघायचं तर २०१५ चं बिहार बघावं. तेव्हा ते मोदींच्या विरोधात, नितीशकुमारांसाठी काम करत होते. मुझफ्फरपूरच्या सभेत मोदींनी नितीशकुमारांच्या ‘डीएनए’वर बोट ठेवलं. टीका एका नेत्यावरची होती. किशोर यांच्या चमूने ती अख्ख्या बिहारच्या अस्मितेवर आणून ठेवली. लोकांनी आपले केस आणि नखं पाकिटांत भरून दिली, थेट पंतप्रधानांना पाठवण्यासाठी! २४३ पैकी १७८ जागा महाआघाडीने जिंकल्या. पण पाकिटांनी जागा येत नाहीत. नितीश आणि लालूप्रसाद एकत्र आले तेव्हाच मतांची बेरीज भक्कम झाली होती. किशोर यांनी ती विस्कटू दिली नाही आणि तिला सूर दिला, हे त्यांचं श्रेय.

पुढच्या विजयांची यादी याच चष्म्यातून वाचावी. पंजाबात अमरिंदर सिंग, आंध्रात जगनमोहन, दिल्लीत केजरीवाल, तमिळनाडूत स्टॅलिन, बंगालमध्ये ममता. प्रत्येकाकडे स्वतःचा चेहरा होता, गावोगाव कार्यकर्ता होता. जिथे हे नव्हतं तिथे काय झालं? २०१६ मध्ये देवरियाजवळच्या रुद्रपूरला राहुल गांधींची ‘खाट सभा’ झाली. सभा संपताच लोक खाटा डोक्यावर घेऊन घरी गेले. गर्दी जमवणं चमूला जमलं, पण त्या गर्दीला मतदानाच्या दिवसापर्यंत धरून ठेवणारी काँग्रेसची माणसं गावात उरली नव्हती. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसच्या वाट्याला सात जागा आल्या. किशोर यांनीच उभी केलेली ‘आयपॅक’ ही संस्था २०२२ मध्ये गोव्यात तृणमूलसाठी उतरली, तिथे तर तृणमूलला भोपळाच मिळाला.

त्यांच्या निवडणूकविषयक विचारांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाजपच्या ताकदीचा हिशेब. हिंदुत्व, राष्ट्रवाद आणि थेट लाभाच्या योजना हे तीन आधार. यातल्या निदान दोन बाबतींत विरोधक सरस ठरायला हवेत. नुसती पक्षांची मोट बांधून भागणार नाही, हेही ते वारंवार सांगत आले. आकड्यांचे अंदाज मात्र वेगळी गोष्ट. बंगालमध्ये भाजप शंभरी गाठणार नाही हे त्यांनी आधी सांगितलं आणि ७७ वर ते खरं ठरलं. २०२४ ला त्यांनी भाजपला तीनशेच्या आसपास धरलं होतं, आल्या २४०. चूक त्यांनी मान्य केली.

मग ते स्वतः मैदानात उतरले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी चंपारणमधल्या भितिहरवा आश्रमातून पदयात्रा निघाली, बरोबर दोन वर्षांनी जन सुराज पक्ष स्थापन झाला. मुलांची शाळा आणि तरुणांचं स्थलांतर हे प्रश्न त्यांनी घरोघरी नेले. मुंबई-पुण्यातल्या बांधकामांवर राबणाऱ्या बिहारी तरुणांकडे पाहिलं की ते प्रश्न किती खरे आहेत हे पटतं. तरीही २०२५ च्या विधानसभेत पक्षाची पाटी कोरी राहिली आणि बहुतेक उमेदवारांची अनामत जप्त झाली. नितीशकुमारांचा जनता दल (युनायटेड) पंचविशी ओलांडणार नाही असं ते म्हणाले होते. त्या पक्षाने ८५ जागा जिंकल्या.

लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, असं मी म्हणणार नाही. ऐकणाऱ्याला मतदान केंद्रापर्यंत नेणारा ओळखीचा माणूस गावात नव्हता. शिवाय निवडणुकीच्या तोंडावर नितीशकुमार आणि भाजपच्या सरकारने महिलांच्या खात्यांत दहा-दहा हजार रुपये जमा केले होते. त्यांनीच सांगितलेल्या तीन आधारांपैकी तिसऱ्याशी त्यांची गाठ पडली, आणि नुसत्या आश्वासनावर उभ्या असलेल्या नव्या पक्षाला त्यावर तोड काढता आली नाही. या थेट लाभाच्या योजनांनी महिलांचं मतदान कसं बदललं, मध्य प्रदेशच्या ‘लाडली बहना’पासून आपल्या ‘लाडकी बहीण’पर्यंत, ते पुढच्या लेखांकात पाहू.