मुंबईच्या नावाचा सागरी कृमी

सह्याद्रीत नवी पाल किंवा नवा खेकडा सापडला की वर्तमानपत्रात चौकट येते, संशोधकांचे फोटो छापून येतात. ते योग्यच आहे. डहाणूपासून रेड्डीपर्यंतच्या किनाऱ्यावर चिखलात, पुळणीत, कातळाच्या फटींत राहणाऱ्या कृमींच्या वाट्याला मात्र अशी चौकट येत नाही. त्यांच्यावर आयुष्य खर्ची घातलेले मराठी प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेले, हेही आपण विसरलो. गोदाकाठी बसून समुद्रातल्या कृमींचे काय घेऊन बसलात, असे नाशिकचे स्नेही विचारतात. उभी हयात प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. त्यात या कृमींनी जे दिले ते दुसऱ्या कशाने दिले नाही, एवढेच माझे उत्तर आहे.

जुना इतिहास झटपट उरकतो. विलींचा १९०५ चा सिलोनचा अहवाल, ॲनंडेल आणि केम्प यांच्या चिल्का सरोवराच्या पाहणीतून निघालेला सदर्न यांचा १९२१ चा प्रबंध आणि पिएर फोव्हेल यांचा ‘फौना ऑफ इंडिया’ मालेतला पॉलिकीट या वलयांकित, बहुरोमी कृमींवरचा १९५३ चा खंड, हे तीन टप्पे. पुढे १९७१ साली ए. एच. परुळेकर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात महाराष्ट्र आणि गोव्याच्या पॉलिकीटांचा आढावा घेतला. याद्या करणारे पुष्कळ झाले, त्यांची नावे सांगत बसत नाही.

मला लिहायचे आहे ते प्रा. पी. आर. आवटी यांच्याविषयी. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले हे प्राध्यापक आधी माश्यांवर काम करत. ‘स्टडीज इन फ्लाइज’ ही त्यांची लेखमाला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आली. नंतर ते समुद्राकडे वळले. १९२९ साली त्यांनी बैनी प्रसाद यांच्यासह कलकत्त्याच्या ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि मुंबईच्या किनाऱ्यावरच्या एका कृमीला नाव दिले : थॅलासेमा बॉम्बेयेन्सिस. बैनी प्रसाद पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. मुंबईचे नाव जगाच्या प्राणिकोशात नेणाऱ्या या कृमीविषयी आज मुंबईतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारा, बहुधा त्याने नावही ऐकलेले नसेल.

हा कृमी एकियुरा गटातला. मऊ, फुगीर अंग, त्यावर वलये नाहीत. पुढे खोलगट शुंड, आणि तोंडामागे पोटाच्या बाजूला दोनच दृढरोम. या गटातले कितीतरी कृमी बिळात दडून राहतात आणि शुंड तेवढी बाहेर काढून भोवतालच्या चिखलावरचा पातळ थर ओढून खातात. पाणी उतरले की अशा बिळाभोवती चिखलावर चांदणीसारख्या रेघा उमटलेल्या दिसतात. एकेक रेघ म्हणजे शुंडीची एकेक फेरी. तिथे घाईने फावडे मारले की शुंड तुटते आणि हाती नुसते धड येते. मी विद्यार्थ्यांना आधी बोटाने बिळाचे वळण चाचपायला लावत असे. मग बाजूने खणायचे, ढेकूळ अखंड उचलायचे आणि समुद्राच्या पाण्याच्या बादलीत हलके हलके विरघळू द्यायचे. कृमी आपसूक मोकळा होतो. निफाडकडच्या, कधी समुद्रही न पाहिलेल्या मुलामुलींना हे काम शहरातल्या मुलांपेक्षा लवकर जमे, कारण मातीचा ओलावा त्यांच्या हाताला कळत असे.

जाती ठरते ती मात्र आत. अंग लांबीत उघडून मेणाच्या तबकात टाचण्यांनी पसरायचे आणि मोजायला बसायचे : लांबट स्नायूंचे पट्टे किती, वृक्ककांच्या जोड्या किती, त्या दृढरोमांच्या पुढे की मागे. आतडे अंगाच्या कितीतरी पट लांब आणि वेटोळ्यांनी भरलेले. टाचणी जराशी चुकली की ते फाटते आणि सगळे तबक गाळाने गढूळ होते. थॅलासेमाचा निबंध वाचताना त्यामागचे हे तासन् तास मला दिसतात.

पुष्कळ जण एक नाव दिले की पुढच्या नावामागे लागतात. आवटी तसे नव्हते. आर. बी. देशपांडे यांना बरोबर घेऊन त्यांनी १९३० च्या दशकात याच कृमीची शरीररचना मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली. एल. बी. प्रधान यांच्यासोबत डेंड्रोस्टोमा या दुसऱ्या सागरी कृमीचे विच्छेदन केले. एच. एस. राय यांच्यासोबतचा मुंबईच्या कालवांवरचा १९३१ चा ग्रंथ, करंदीकरांसोबतचा ऑन्किडियमवरचा १९४८ चा आणि क्षीरसागरांसोबतचा लिंगुलावरचा १९५७ चा, सगळे याच पठडीतले. आपल्या किनाऱ्यावरचा प्राणी घ्यायचा, विद्यार्थ्याला शेजारी बसवायचे आणि त्या प्राण्याचा तळ गाठायचा. मराठी प्राणिशास्त्राची परंपरा म्हणून मी अभिमानाने दाखवतो ती ही.

त्या कामाचे मोल काळाने सिद्ध केले. एकियुरा हे पूर्वी ॲनेलिडांच्या, म्हणजे वलयांकित कृमींच्या, घरचेच मानले जात. १९४० साली न्यूबी यांनी त्यांना स्वतंत्र संघाचा दर्जा दिला आणि आमच्या पिढीने तोच शिकला, तोच शिकवला. १९९७ साली मॅकह्यू यांनी जनुकीय पुरावा देऊन त्यांना पुन्हा ॲनेलिडांत आणले. आवटींचा कृमीही दरम्यान ऑकेटोस्टोमा या प्रजातीत गेला. एवढी घरे बदलली तरी त्यांनी मोजलेल्या पट्ट्यांना आणि वृक्ककांना धक्का लागला नाही.

माझे भांडण दोन पंथांशी आहे. पहिला पंथ यादीवाल्यांचा. फोव्हेल फ्रान्समध्ये आंजे इथे बसून दूरदूरहून आलेले नमुने तपासत आणि त्यांना अनेकदा युरोपातल्या जातींची नावे देत. त्या काळी तीच समजूत होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण सत्तर वर्षांनंतरही पर्यावरण अहवालांत तीच नावे उतरवून काढली जातात, हे मला सहन होत नाही. मार्फिसा सँग्विनिया ही जाती मूळची इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावरची. तिची नोंद साऱ्या जगातून होत राहिली. २००३ साली हचिंग्स आणि कारागिओर्गोपुलोस यांनी डेव्हनच्या नमुन्यांचे नव्याने वर्णन केले आणि त्याच नावाखाली वावरणारा ऑस्ट्रेलियाचा कृमी निराळी जाती ठरला. आपल्या खाड्यांतल्या ‘सँग्विनिया’चे काय? नवी जाती शोधायला दर वेळी नव्या चिखलात उतरावे लागत नाही. कितीतरी जाती बाटल्यांमध्ये परक्या नावाची चिठ्ठी लावून बसल्या आहेत.

दुसरा पंथ म्हणतो, आता शरीर पाहायची गरज नाही, डीएनएचा तुकडा वाचला की झाले. मी डीएनएच्या विरोधात नाही. २०१२ साली केरळच्या किनाऱ्यावरून नामालिकॅस्टिस जया ही जाती प्रसिद्ध झाली. मगेश, क्विस्ट आणि ग्लॅस्बी यांनी तिचे वर्णन करताना देहही बारकाईने पाहिला आणि जनुकेही तपासली. काम असे हवे. अलीकडे बंगालच्या किनाऱ्यावरून नेरीस धृतीए आली, प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संचालक धृती बॅनर्जी यांच्या नावाची. पश्चिम किनाऱ्यावर मात्र असे काम करणाऱ्यांची रांग लागलेली दिसत नाही.

रांग लागणार कुठून? २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रमातले विच्छेदन थांबवले. बेडकांची कत्तल थांबली हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर सुई धरायला शिकवणारा तासही गेला. किनाऱ्याच्या सहली आता फोटोंच्या सहली झाल्या. आमच्याकडच्या एका महाविद्यालयात संग्रहालयाची खोली संगणकांसाठी रिकामी करण्यात आली. फॉर्मॅलिनच्या बाटल्यांवर जुन्या प्राध्यापकांनी शाईने लिहिलेल्या ठिकाणाच्या आणि तारखेच्या चिठ्ठ्या होत्या. त्या बाटल्या भंगारात गेल्या. ठिकाण आणि तारीख गेली की नमुना मुका होतो. तो दिवस आठवला की अजून झोप लागत नाही.

म्हणून एक काम सुचवतो. थॅलासेमा बॉम्बेयेन्सिस ज्या मुंबईतून वर्णिला गेला तिचा किनारा भरावाने पार बदलला आहे. उरल्यासुरल्या जागांतून तो पुन्हा गोळा करावा. जिवंत नमुना आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैल होऊ द्यावा, नाहीतर तो आखडतो आणि काहीच मोजता येत नाही. फॉर्मॅलिनमध्ये टाकण्यापूर्वी ऊतीचा लहानसा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. मग आवटी-देशपांडे यांची शरीररचना शेजारी उघडून एकेक अवयव ताडून पाहावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईची ओहोटी पहाटे सहाच्या आसपास असते, तेव्हा नाशिकच्या मंडळींनी आदल्या रात्रीच निघायला हवे. मेणाची तबके आणि टाचण्या माझ्याकडे अजून आहेत. कुणी विद्यार्थी नमुने घेऊन आले तर विच्छेदन मी शिकवीन.