लग्नात फोटोग्राफरही आणि सेल्फी पॉइंटही : दोघांचा मेळ कसा घालायचा?

 

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे पत्रिका यायला लागतात, आणि गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्जही वाढतात. मंडप, जेवण, हळदीचा डीजे हा खर्च असतोच. आता त्यात एक नवा प्रश्न आलाय. "ताई, फोटोग्राफर सांगितलाय. पण पोरं म्हणतात, जागेवर फोटो छापून देणारा सेल्फी पॉइंटपण पाहिजे. दोन्ही कशाला?" आज त्याबद्दलच बोलू.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईच्या मुलीचं वैशाखात लग्न झालं. फोटोग्राफर चांगला होता, अल्बमही जाडजूड झाला. आषाढात ताईची आई वारली. दशक्रियेला हार घालायला फोटो हवा म्हणून सगळा अल्बम चाळला, पेन ड्राइव्ह बघितला. म्हातारी दोनच ठिकाणी सापडली. एकदा हळदीत पाठमोरी, आणि एकदा अक्षता टाकताना, तीही कुणाच्या तरी मोबाइलनं अर्धं तोंड झाकलेली. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. ताई म्हणाली, "दोन दिवस आई घरभर राबत होती, आणि फोटोत कुठंच नाही."

यात फोटोग्राफरची चूक म्हणता येणार नाही. तो नवरा-नवरीसाठी आला होता, त्याचं तोंड स्टेजकडे होतं. म्हातारी चुलीपाशी होती आणि तिला स्टेजवर कुणी नेलंच नाही.

म्हणून दोघांची कामं वेगळी आहेत हे आधी समजून घेऊ. अंतरपाट दूर होतो तो क्षण, मंगळसूत्र, सप्तपदी, पाठवणी हे परत होत नाही. तिथं जाणता माणूसच पाहिजे. कुठं उभं राहायचं आणि कधी बटण दाबायचं हे त्याला कळतं. सेल्फी पॉइंट, ज्याला शहरात फोटो बूथ म्हणतात, तो पाहुण्यांसाठी. मागे पडदा, समोर उजेड आणि स्टँडवर कॅमेरा. पाहुणे स्वतः जाऊन उभे राहतात आणि फोटो हातात घेऊन घरी जातात. ही कल्पना जुनी आहे. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये अनातोल जोसेफो नावाच्या माणसानं असं यंत्र सुरू केलं. २५ सेंट टाकले की साधारण आठ मिनिटांत आठ फोटोंची पट्टी बाहेर यायची. स्टुडिओत जाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी तिथं रांगा लावल्या. आपल्या मंडपातही त्याचं काम तेच आहे. ज्याला कुणी स्टेजवर बोलवत नाही, त्याचा फोटो निघाला पाहिजे.

आता दोघांचा मेळ कसा घालायचा ते बघू.

पहिली गोष्ट जागा. सेल्फी पॉइंट स्टेजजवळ नको, तिथं गर्दी होते आणि फोटोग्राफरला अडथळा येतो. पंगतीतून हात धुऊन माणसं बाहेर पडतात, त्या वाटेच्या बाजूला ठेवा. खुर्ची ठेवा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही बसता येईल. वायर पोरांच्या पायात येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट वेळ. हळदीच्या संध्याकाळी तो खुला ठेवा. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या अर्धा तास आधी बंद करा आणि अक्षता पडल्यावर परत सुरू करा. "फोटो नंतर तिकडे छापून मिळणार आहेत, आता मोबाइल खाली ठेवा," असं माइकवरून एकदा सांगा. मग अंतरपाट दूर होताना फोटोग्राफरच्या पुढे मोबाइलची भिंत उभी राहणार नाही.

तिसरी गोष्ट उजेड. लाल-पिवळ्या मंडपाच्या कापडातून येणाऱ्या उजेडात चेहऱ्याचा रंग बदलतो. त्यासाठी समोरून दोन्ही बाजूंनी पांढरा दिवा लावा. पाठीमागे ऊन नको, नाहीतर चेहरे काळे येतात. चकचकीत फ्लेक्सवर दिवा चमकतो, त्यापेक्षा साधं कापड बरं. प्रिंटरची लाइन डीजेच्या लाइनवर जोडू नका.

चौथी गोष्ट छपाई. साध्या शाईच्या प्रिंटरवरचा फोटो ओल्या हातानं पुसू शकतो. उष्णतेनं रंग बसवणारा प्रिंटर असतो, त्याला डाय-सब म्हणतात, त्यातून फोटो कोरडाच येतो. त्याचा कागद आणि रिबन मोजूनच येते, म्हणून ठरवलेल्या पैशात किती फोटो हे आधीच विचारा. चारशे पाहुणे असले तर चारशे प्रती लागत नाहीत. एका घरामागे एक धरली तर शंभर-सव्वाशे पुरतात.

पाचवी गोष्ट माणसं. एकाच माणसाला दोन्ही कामं देऊ नका, तो एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. एकाच स्टुडिओकडून दोन्ही घेत असाल, तर माणसं दोन येणार ना, हे विचारून घ्या. घरातली एक करवली सेल्फी पॉइंटवर नेमा. तिचं काम एकच, लाजून मागे राहणाऱ्या बायांना हाताला धरून आणायचं. आणि फोटोग्राफरच्या हातात नावांची यादी द्या. नवरीची आजी, मामा-मामी, हळदीला गाणी म्हणणारी धवलारीण, भाकऱ्या भाजणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बाया. पंगत चालू असताना पंधरा मिनिटं त्यानं स्टेज सोडून चुलीकडे जायचं, हे आधीच ठरवा.

सहावी गोष्ट लेखी कागद. किती तास, किती माणसं, किती फोटो, अल्बम कधी, उचल किती, बाकी कधी, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. दोन्ही कॅमेऱ्यांचं घड्याळ सारखं लावायला सांगा, म्हणजे नंतर फोटो वेळेप्रमाणे आपोआप लागतात. मूळ फोटो पेन ड्राइव्हवर घ्या आणि दोन घरांत दोन प्रती ठेवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो, मोठा करायला गेलं की फाटतो. आमच्या मुलींचे फोटो आणि रील विचारल्याशिवाय कुठं टाकायचे नाहीत, हेही त्या कागदात लिहा.

एक सरकारी कामही यात येतं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी करावी लागते, आणि गावात ती ग्रामपंचायतीत होते. ९० दिवसांच्या आत अर्ज द्यायचा. तीन साक्षीदार लागतात, लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटोही मागतात. अल्बम यायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून दोघांचे चेहरे स्वच्छ दिसणारा, विधी चालू असतानाचा एक फोटो आठवड्यात छापून मागा. उद्या वारसाचं किंवा पोटगीचं काम निघालं, तर नोंदणीचा दाखला बाईच्या उपयोगी पडतो.

आता पैशाचं. दोन्हीसाठी कर्ज काढू नका. दोन्ही परवडत नसेल तर फोटोग्राफर ठेवा, आणि त्याचेही तास कमी करा. सेल्फी पॉइंट आपण करू शकतो. बांबूची चौकट, गेरूच्या रंगाचं कापड, त्यावर पांढऱ्या रंगात तारपा नाच, कडेला झेंडू. मोबाइल स्टँडवर लावायचा आणि निवडक फोटो नंतर तालुक्याला जाऊन छापायचे. फक्त वारली घरातला लग्नाचा चौक पडद्यावर काढू नका. तो सवासणी देवीसाठी लिहितात, मागे उभं राहून फोटो काढायला नाही.

काही गटांना हे काम व्यवसाय म्हणून घ्यावंसं वाटेल. जरूर घ्या. पण प्रिंटर लगेच विकत नको. एक हंगाम भाड्यानं आणा आणि प्रत्येक लग्नाचा जमाखर्च वहीत लिहा. कागद, रिबन, टेम्पो आणि दोघींची मजुरी वजा जाऊन हातात काय उरतं ते बघा. मगच गटातून कर्ज घ्या.

त्या ताईच्या धाकट्या मुलीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात आहे. फोटोग्राफर ठरला, कागदावर सह्या झाल्या. पडदा गटातल्या बाया रंगवणार आहेत. यादी ताईनं स्वतः लिहिली. त्यात पहिलं नाव नवरीच्या दुसऱ्या आजीचं आहे, म्हणजे ताईच्या सासूबाईंचं.

तुमच्या घरी लग्न असेल तर आजच वही घ्या आणि आपली यादी लिहायला बसा.